डुक्कर गाडीचं उजवं वळण

“मनुष्यजातीचा इतिहास हा वळणांचा इतिहास आहे. जी जमात वेळेवर वळली ती तरली. जी वळली नाही, ती काळाच्या उदरात गडप झाली.”

हे वाक्य प्रभाकर हुद्दार मोठ्याने म्हणतात तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि ते स्वतः विटांच्या चार थप्प्यांवर चढवून ठेवलेल्या एका मोटारीत बसलेले असतात. स्थळ, सांगलीतल्या त्यांच्या बंगलीमागची पत्र्याची शेड. श्रोतृवर्ग, बॉनेटवर पसरलेलं एक मांजर. वाक्य संपता संपता वक्त्याला मुळ्याच्या कोशिंबिरीचा ढेकर येतो आणि श्रोतृवर्ग उठून निघून जातो.

हुद्दार चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. सिटी सर्व्हे ऑफिसात गावाचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे सांगलीतला बोळ न् बोळ त्यांना पाठ आहे. पण त्यातल्या बऱ्याच बोळांत त्यांनी गाडी कधी घातलेली नाही, कारण ते बोळ उजव्या हाताला लागतात.

हे जरा फोड करून सांगायला हवं.

गाडी अठ्ठावन्न सालची फियाट आहे. पुढून नाकाड, मागून गुबगुबीत, म्हणून लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. मूळची हुद्दारांच्या सासऱ्यांची, आप्पा सोवनी वकिलांची. आप्पा दिवाणी कोर्टात जितके मुरलेले होते तितकेच या गाडीत मुरलेले होते, आणि ती चालवताना त्यांचा एक नेम असे. उजवीकडे वळायचं नाही. “समोरून येणाऱ्याचा रस्ता तोडून जाणं हे सभ्य माणसाचं लक्षण नव्हे,” असं ते म्हणत. उजवीकडे जायचं झालंच, तर तीनदा डावीकडे वळायचं. पाच मिनिटांवरच्या गणपतीला ते अठरा मिनिटांत पोचत, तेही देवाला लांबून उलटी प्रदक्षिणा घालून. घराच्या फाटकातून उजवीकडे ऐंशी पावलांवर पिठाची गिरणी आहे. सोवन्यांचं दळण मात्र साठ वर्षं डावीकडच्या, स्टेशनाजवळच्या गिरणीत जातं. एकुलत्या एका मुलीचा नवरा म्हणून हुद्दार या घरात राहायला आले, त्यांनी घराबरोबर हा नेमही उचलला. पुढे पुढे तर ते चालत निघाले तरी डावीकडेच वळू लागले. गाडीच्या उजव्या इंडिकेटरचा बल्ब गाडीबरोबर आलेला आहे आणि अजून जवळजवळ कोरा आहे.

आप्पा गेले त्याला एकवीस वर्षं झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी खुणेने जावयाला जवळ बोलावलं. सगळ्यांना वाटलं, आता मुलीला सांभाळा म्हणतील. आप्पा म्हणाले, “स्टेअरिंगची पेटी कुणाला उघडू देऊ नका. शब्द द्या.” हुद्दारांनी शब्द दिला. आप्पांनी समाधानाने डोळे मिटले ते मिटलेच.

आणि पाच आठवड्यांपूर्वी आष्ट्याच्या रस्त्याला, एका लग्नाहून परतताना, रस्ता एकाएकी उजवीकडे वळला. रस्त्यांना सोवन्यांचा नेम माहीत नसतो. हुद्दारांनी स्टेअरिंग फिरवलं, ते अर्ध्यात अडलं, आणि गाडी वळण सोडून शांतपणे उसात शिरली. कुणाला काही झालं नाही. कुमुदताईंच्या, म्हणजे सौ. हुद्दारांच्या चष्म्याची एक काच गेली, एवढंच. त्या उतरल्या, पदरावरचं पाचट झटकलं, पिशवी घेतली आणि मागून आलेल्या एसटीला हात केला. त्या दिवसापासून त्या गाडीत बसलेल्या नाहीत. भांडल्याही नाहीत. भांडण झालं असतं तर त्याला शेवट तरी असता.

अल्लाबक्ष मिस्त्रींनी गाडीखाली शिरून तपासणी केली होती. “सर, ही पेटी म्हणजे जुनं सरकारी हापिस हाय,” ते खालूनच म्हणाले होते. “वरनं हुकूम निघतोय, पेटीतनं दांड्याला, ह्या दांड्यातनं त्या दांड्याला. चाकापर्यंत येईस्तोवर हुकूम काय होता त्येच कुणाला म्हाईत नसतंय. रॅक बसवूया. एक दात्याची पट्टी, एक दात्याचं चाक. हिकडं फिरवलं की तिकडं वळलं. मधी कोण न्हाई.” जुन्या आठशे गाडीचा रॅक त्यांच्याकडे होता. फक्त तो बसवायला पेटी काढावी लागणार आणि पुढचा आडवा पत्रा कापावा लागणार. “एकदा कापलं की कापलं सर. परत होतं तसं करून द्या म्हणायचं न्हाई.”

हुद्दारांनी बायकोला विचारलं. कुमुदताई म्हणाल्या, “गाडी माझ्या वडलांची, शब्द तुमचा. मी मध्ये कशाला पडू?” आणि भाजी आणायला निघून गेल्या. रिक्षाने.

आज चार वाजता अल्लाबक्ष गॅस कटर घेऊन येणार आहेत. हुद्दार शेवटचं म्हणून जुन्या स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेत. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडावा, की जिवंत बायकोची जागा रिकामी ठेवावी, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. पत्रा तापलाय. वर कुठेतरी पत्र्यावर कावळा चालतोय, टक, टक, टक, आणि थांबतो. जुन्या सीटच्या काथ्याचा वास येतो. हुद्दार डोळे मिटत नाहीत. फक्त पापण्या खाली घेतात, दोन मिनिटं.

“दार नीट लावलंत का?”

“लावलं,” हुद्दार म्हणतात, आणि मग त्यांच्या लक्षात येतं की आपण डाव्या सीटवर आहोत. समोर स्टेअरिंग नाही. स्टेअरिंग उजवीकडे आहे, आणि त्याच्या मागे आप्पा बसलेत.

आप्पा घरच्या वेषात आहेत. धोतर, उघडं अंग, खांद्यावरून जानवं. जानव्याला कपाटाची किल्ली आहे आणि किल्लीशेजारी ती पितळेची चकती, रुपयाएवढी, मधोमध भोक आणि कडेला एक खाच. हुद्दार तिला बघून दचकत नाहीत. ती तिथेच असायची. आंघोळीलाही आप्पा ती काढत नसत. सासूबाई सगळ्यांना सांगत की ती नरसोबाच्या वाडीच्या कुणा महाराजांनी दिली आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडताना त्यांनी जावयाला ती शोधायला लावली होती. हुद्दारांनी चाळणीने सगळी राख चाळली. किल्ली मिळाली. चकती मिळाली नाही.

“गाडी विटांवर आहे, आप्पा,” हुद्दार म्हणतात.

“होती,” आप्पा म्हणतात.

गाडी फाटकातून बाहेर पडते आणि डावीकडे वळते. रस्त्यावर ऊन आहे पण सावल्या नाहीत. माणसं आहेत, सगळ्यांची पाठ गाडीकडे. कोपरा येतो, गाडी डावीकडे वळते. नदीचा घाट येतो, पाणी अगदी टायरच्या बरोबरीला, गाडी डावीकडे वळते, आणि पुन्हा आपलंच फाटक.

“कुठे चाललोय आपण?”

“फिरायला. पुष्कळ दिवसांत बसलो नव्हतो एकत्र.”

हुद्दारांना आठवतं, की एकत्र म्हणजे असंच. लग्नानंतर अठ्ठावीस वर्षं ते या डाव्या सीटवर बसले. आप्पांनी त्यांना एकदाही चालवायला दिली नाही. नकाशे करणाऱ्या माणसाला रस्ता सांगायचीही परवानगी नव्हती.

गाडी फाटकात शिरत नाही. फाटकाशेजारी दुसरं दार आहे, हिरवं, सरकारी. गाडी डावीकडे वळून त्यातून आत जाते आणि दोन्ही बाजूंना नकाशांच्या मांडण्या लागतात, कापडावर चिकटवलेले नकाशे, सुतळीने बांधलेले. सिटी सर्व्हेची रेकॉर्ड रूम. एक कारकून टेबलाशी डबा खातोय; केर काढणाऱ्या बाईला पाय उचलून द्यावेत तसे तो गाडीला पाय उचलून देतो. मांडण्या जवळ येत जातात. आरसा एका मांडणीला घासतो. आप्पांच्या चेहऱ्यावर काही हालत नाही.

“आप्पा, इथे रुंदी नऊ फूट आहे. मीच मोजली होती.”

“होती,” आप्पा पुन्हा म्हणतात, आणि डावीकडे वळतात.

आता पंगत आहे. पंचाहत्तर सालचं मंगल कार्यालय, केळीची पानं, गाडी दोन पंगतींच्या मधून सावकाश चाललीय. वाढपी वरणाचं भांडं घेऊन बाजूला होतो आणि सवयीने खिडकीतून विचारतो, “वरण?” पलीकडे बोहल्यावर बावीस वर्षांची कुमुद बसलीय, मुंडावळ्या बांधून. तिच्या शेजारचा पाट रिकामा आहे. ती गाडीकडे बघत नाही. चष्म्याची एक काच नाही.

“थांबवा. मला उतरायचंय,” हुद्दार म्हणतात.

“उतरा.”

हुद्दार दाराची मूठ ओढतात. मूठ हातात येते. ती होती तिथे आता दुसरी मूठ आहे. तीही हातात येते. काच खाली करायची दांडी फिरते, फिरत राहते, काच हालत नाही. गाडीत उकडायला लागतं. मांडीवर मुठींचा ढीग जमत जातो, भाजीवालीच्या पाटीतल्या कारल्यांसारखा. बाहेर पंगत मागे गेलेली असते.

“चार वाजता कोण येणार आहे?” आप्पा विचारतात.

“अल्लाबक्ष.”

“काय घेऊन?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत असणं हा पुरावा होत नाही. काय घेऊन?”

“गॅस कटर.”

“एकवीस वर्षांपूर्वी तुम्ही मला काही शब्द दिला होता. होय की नाही, एवढंच सांगा.”

“होय. पण आप्पा, त्या उसात...”

“ऊस विषयाला धरून नाही.”

हुद्दार आजूबाजूला बघतात. गाडीच्या डॅशबोर्डला कोर्टातल्या पिंजऱ्याचा लाकडी कठडा आलाय आणि त्यांचे दोन्ही हात त्यावर आहेत. वर पंखा फिरतोय, डावीकडून. गाडीही फिरतेय, पण आता कोपरे लवकर लवकर येतात. आधी गावाला फेरी होत होती, मग पेठेला, मग फक्त घराला. बंगलीची भिंत इतकी जवळून जाते की स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी गाडीतच झाल्यासारखी वाटते. फेरी लहान होत चाललीय. गिरमिट लाकडात शिरावं तशी गाडी स्वतःच्याच आत चाललीय.

“शब्द द्या की पेटी उघडणार नाही,” आप्पा म्हणतात. “मग दार उघडेल.”

“आणि नाही दिला तर?”

“तर फिरू. मला काही घाई नाही. मी गेलेला आहे.”

एरवी हुद्दारांनी शब्द दिला असता. शब्द देणं हा त्यांचा जन्माचा स्वभाव. पण भिंत पुन्हा खिडकीजवळून जाते, खिडकीत त्यांना डाळिंब्या सोलत बसलेली कुमुद दिसते, आताची, केस पांढरे झालेली, आणि ती याही खेपेला मान वर करत नाही.

“कुमुद गाडीत बसत नाही,” हुद्दार म्हणतात.

“म्हणजे?”

“म्हणजे बसत नाही. पाच आठवडे झाले. रिक्षाने जाते, बसने जाते. परवा स्टेशनाकडे गुडघा धरून चालत गेली. मी गाडी घेऊन तिच्या मागे मागे, पहिल्या गिअरमध्ये. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. लोकांना वाटलं, नेत्याचा ताफा चाललाय.”

गाडीचा वेग कमी होतो.

“मला उजवीकडे वळायचंय, आप्पा. बाकी काही नको. तिला शेजारी बसवून एकदा उजवीकडे.”

“एवढंच ना,” आप्पा म्हणतात. “मग वळवून दाखवतो. पेटीला काही झालेलं नाही. तुम्हाला हात नाही बसलेला.”

ते दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरतात आणि उजवीकडे फिरवतात. अर्ध्यात आल्यावर आत कुठेतरी ‘कट्ट’ होतं आणि स्टेअरिंग अडतं. आप्पा जोर लावतात. त्यांच्या मानेची शीर फुगते. मेलेल्या माणसाला घाम येत नाही असा हुद्दारांचा समज होता. आप्पांच्या कपाळावरून घाम ओघळतो. पुन्हा ‘कट्ट’. गाडी उभी राहते. सगळं गप्प होतं. पंखा, कुकर, सगळं.

आप्पा घसा साफ करतात.

“सन एकोणीसशे बासष्टच्या दिवाळीच्या सुटीत,” ते समोरच्या काचेकडे बघत म्हणतात, “सदर पेटी उघडण्यात आली होती.”

“कुणी उघडली?”

“पक्षकाराने.”

“पक्षकार कोण?”

“प्रस्तुत,” आप्पा म्हणतात.

हुद्दार मांडीवरच्या मुठी हळूच खाली ठेवतात. अठ्ठावीस वर्षांत आप्पांनी कुठल्याही वाक्यात चूक आपल्याकडे घेतल्याचं त्यांना आठवत नाही, त्यामुळे हा आवाज कसा असतो ते ते लक्ष देऊन ऐकतात.

“गाडीबरोबर आलेलं पुस्तक होतं माझ्याजवळ. जे लिहिलेलं आहे ते वकिलाला करता येतं, अशी माझी समजूत. सगळं खोललं, पेपरावर ओळीने मांडलं, पुसलं, परत बसवलं. झाकण आवळलं. आणि पेपरावर ही उरली.” त्यांची बोटं जानव्यातल्या चकतीकडे जातात. “दुसरा कुणी असता तर त्याने पुन्हा उघडलं असतं. मी निकाल दिला, की ही जास्तीची आहे.”

“आणि मग?”

“मग फाटकातून उजवीकडे वळायला गेलो. गिरणीकडे. अडलं.”

“म्हणून सभ्य माणसं...”

“कुमुद शेजारी बसली होती. नऊ वर्षांची. तिने विचारलं, आप्पा, का नाही वळलो? बापाला येत नाही म्हणून, असं सांगायचं होतं का तिला? म्हटलं, सभ्य माणसं उजवीकडे वळत नाहीत. पोरीने घरी जाऊन वहीत लिहून घेतलं. सुवाच्य अक्षरात. खाली माझं नाव घातलं.” आप्पा थांबतात. “कोर्टातलं फिरवता येतं, प्रभाकरपंत. वरच्या कोर्टात जाता येतं. मुलीच्या वहीतलं कुठे फिरवायचं?”

हुद्दारांना खूप काही बोलायचं असतं. स्टेशनाजवळच्या गिरणीला घातलेल्या खेपा, उलट्या प्रदक्षिणा, डावी सीट, राखेची चाळणी. ते बोलायला तोंड उघडतात आणि म्हणतात, “मग ती कुणा महाराजांनी दिलेली नव्हती?”

“नव्हती,” आप्पा म्हणतात. “मी तसं कधी म्हटलंही नव्हतं. मी फक्त नाही म्हटलं नाही.”

ते जानव्याची गाठ सोडायला लागतात. गाठ साठ वर्षांची आहे, नखाने सुटत नाही, दाताने सुटत नाही. दोघंही त्या गाठीवर वाकतात. शेवटी ती हुद्दारांच्या हातून सुटते, आणि चकती त्यांच्या तळहातावर पडते. गरम आहे.

“ही बसवली तर पेटी वाचेल का?”

“आता काय वाचतेय. झिजून गेली. रॅक घाला. मधे कोण न्हाई म्हणतो ना तुमचा मिस्त्री? मला पटलं ते. मधे मीच होतो.” आप्पा धोतराच्या सोग्याने कपाळ पुसतात, आणि मग, एखादं किरकोळ काम सांगावं तसं म्हणतात, “फक्त एक करा. मिस्त्री पेटी उघडेल. मिस्त्रीच्या जातीला राहवत नाही. चकती कुठाय म्हणून विचारेल. कुमुद तिथेच असेल.”

“मग?”

“सांगा की जावयाने हरवली.”

“मी?”

“तुमचं नाव आहे हो हरवण्याबद्दल. छत्र्या किती हरवल्यात तुम्ही.”

हुद्दार मूठ मिटतात. “बरं. पण मी उतरू कसा? हे दार उघडत नाही.”

“ते कधीच उघडत नव्हतं,” आप्पा म्हणतात, आवाज आता जरा लांबून, पत्र्यावरून आल्यासारखा. “उजवीकडून उतरा.”

हुद्दार उजवीकडे बघतात. सीट रिकामी आहे. ते सरकतात. काथ्या टोचतो. स्टेअरिंग पोटाला लागतं. टक, टक, टक.

टक, टक, टक. अल्लाबक्ष मिस्त्री बॉनेटवर पान्ह्याने वाजवतायत.

“सर, उठा. गाडी काय कुटं जात न्हाई.”

चार वाजून दहा मिनिटं झालीत. हुद्दार उजवीकडचं दार उघडून उतरतात. पायांना मुंग्या आल्यात. उजव्या हाताची मूठ मिटलेली आहे आणि ती उघडायला का कोण जाणे त्यांना धीर होत नाही. एकाच हाताने ते चष्मा लावतात, एकाच हाताने लेंग्याची नाडी सारखी करतात.

“काय ठरलं मग?” अल्लाबक्ष विचारतात. “कापायचं, की ऱ्हाऊ द्यायचं?”

“कापा,” हुद्दार म्हणतात.

अल्लाबक्ष गाडीखाली जातात. नट कुरकुरतात, शिव्या खातात, सुटतात. पाऊण तासाने पेटी बाहेर येते, काळी, तेलकट, नारळाएवढी. तिचा आता कशालाच उपयोग नाही. पण अल्लाबक्ष ती बाजूला ठेवत नाहीत. उकिडवे बसून तिचं झाकण खोलतात. मिस्त्रीच्या जातीला राहवत नाही. तेवढ्यात कुमुदताई चहाचा ट्रे घेऊन शेडच्या दारात येतात. शेडमध्ये त्या पाच आठवड्यांनी आल्यात. दाराच्या आत पाऊल टाकत नाहीत.

“आयला,” अल्लाबक्ष म्हणतात. “सर, हिच्यात एक चकती कमी हाय. ह्या बाजूला. हिच्याबिगार उजवीकडं वळलं की आतलं सगळं सरकून अडकणारच की. कुणी खोललीती ही?”

शेडमध्ये कपबश्यांचा किणकिणाट होतो आणि थांबतो.

“मी,” हुद्दार म्हणतात. “मी खोलली होती. चकती माझ्याच हातून हरवली.”

अल्लाबक्ष त्यांच्याकडे बघतात. मग कुमुदताईंकडे बघतात. मग, अनुभवी माणूस असल्यामुळे, पेटीत बघतात.

“कधी?” कुमुदताई विचारतात.

“झाली असतील... बरीच वर्षं.”

“हे झाकण बासष्टनंतर उघडलेलं नाही. तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे होतात, आणि अकोल्यात होतात.”

खोटं सांगायचं हुद्दारांनी कबूल केलं होतं. उलटतपासणीचं कुणी सांगितलं नव्हतं.

कुमुदताई ट्रे बॉनेटवर ठेवतात. नवऱ्याची मिटलेली मूठ हातात घेतात आणि एकेक बोट उघडतात. तळहातावर पितळेची चकती आहे, रुपयाएवढी, मधोमध भोक, कडेला खाच. भोकातून सुताचा एक पिवळट धागा लोंबतोय. तळहातावर तिचा गोल उमटलाय, लालभडक.

“आयला,” अल्लाबक्ष पुन्हा म्हणतात. “हीच की.” ते ती पेटीतल्या जागेवर लावून बघतात. खाच खाचेत बसते. ते ती काढून परत कुमुदताईंच्या हातात देतात आणि कुठे मिळाली म्हणून विचारत नाहीत.

“मी बॅटरी धरून उभी होते तेव्हा,” कुमुदताई म्हणतात. आवाज नेहमीचाच आहे, भाजीचा भाव सांगतानाचा. “पेपरावर ही राहिलेली मीच आधी पाहिली. म्हटलं, आप्पा, ही राहिली. ते म्हणाले, जास्तीची आहे. मी म्हटलं, बरं.”

“आणि ते वहीत लिहिलेलं?”

“त्यांचा चेहरा पाहवत नव्हता फाटकापाशी. म्हणून लिहिलं. त्यांना बरं वाटेल म्हणून.” मग एकदम त्या नवऱ्याकडे बघतात. “तुम्हाला वहीचं कुणी सांगितलं?”

हुद्दार शेडच्या पत्र्याकडे बघतात. पत्र्यावर आता कावळा नाही.

“गाडी जड आहे एवढंच वाटायचं मला. ती इतकी अडत असेल असं नव्हतं वाटलं,” कुमुदताई म्हणतात. “उसात शिरलो तेव्हा कळलं. आणि तेव्हाही तुम्ही काय म्हणालात? आप्पांना शब्द दिलाय. मी तुमच्या शेजारी बसले होते हो, आप्पांच्या नाही.”

एवढं बोलून त्या चकतीचा धागा पदराच्या टोकाला बांधतात, दोन गाठी मारतात, आणि पदर खोचतात. अल्लाबक्ष कटर पेटवतात. निळी जीभ पत्र्याला लागते आणि साठ वर्षांचं लोखंड लाल होऊन सुटायला लागतं. दोघं शेजारी उभे राहून ते बघतात. चहा निवतो.

“किती दिवस लागतील, मिस्त्री?” कुमुदताई विचारतात.

“आठ-धा दिवस धरा, वहिनी.”

“नववा दिवस गुरुवार येतो. मला गणपतीला जायचंय. सरळ. अठरा मिनिटं नकोत मला.”

“बसशील?” हुद्दार विचारतात.

कुमुदताई शेडच्या दारामागून एक पिशवी ओढून आणतात आणि त्यांच्या हातात देतात. पिशवी जड आहे.

“रात्रीच्या भाकरीला पीठ नाही. एवढी ज्वारी दळून आणा,” त्या म्हणतात. “चालत जा. फाटकातून उजवीकडे, ऐंशी पावलं. आणि बारीक दळायला सांगा.”